प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्र मिळाले. वॉर्डात नेमके काय बदलले?

शहापूरची_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी बेळगावातील एका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज आहे. जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) होऊन यंदा १७ वर्षे झाली. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचे सी.एन.ई. (नोकरीत असताना घ्यायचे नर्सिंगचे शिक्षण) दाखवावे लागते, म्हणून गेल्या आठवड्यात सगळी प्रमाणपत्रे पिशवीतून काढून जेवणाच्या टेबलावर मांडली. ती २३ निघाली. तास जुळले, फाइल तयार झाली. पण कागद लावता लावता मनात एक नको तो हिशेब सुरू झाला. यांतल्या किती कागदांनी माझ्या हाताची सवय बदलली? प्रामाणिकपणे मोजले तर दोनच. बाकीच्यांपैकी काहींचे विषयसुद्धा प्रमाणपत्र वाचल्यावर आठवले. जेवण चांगले होते, हे मात्र एकदोन ठिकाणचे आठवते.

पहिले प्रशिक्षण होते रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याची लक्षणे वेळेत ओळखण्याचे. ज्यांनी ते घेतले त्या मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी काही न कळवता आमच्या वॉर्डात आल्या आणि त्यांनी टी.पी.आर. (ताप, नाडी, श्वास) चार्ट मागितले. त्या दिवशी २८ रुग्ण होते आणि २८ चार्टांवर श्वासाची गती २० लिहिलेली होती. या धाग्यावरच्या नर्सना हे वाचून हसू येईल, कारण नाडी आणि बी.पी. यंत्र सांगते, पण श्वास एक मिनिट उभे राहून मोजावा लागतो, आणि ते एक मिनिट कोणाकडेच नसते. मग २० हा आकडा आपोआप लिहिला जातो. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला एका आजोबांच्या खाटेजवळ बसवले, घड्याळ हातात दिले आणि पूर्ण मिनिट मोजायला लावले. ३२ भरले. त्यांच्या चार्टावर माझ्याच अक्षरात २० होते.

एन.ई.डब्ल्यू.एस.-२ नावाची जी गुणपद्धती (गुण जितके जास्त तितका धोका जास्त) आम्हाला आदल्या दिवशी शिकवली होती, ती ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सुधारून प्रसिद्ध केलेली आहे. तिच्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन आणि २५ किंवा त्याहून अधिक असल्यास तीन गुण पडतात. म्हणजे आम्ही रोज सगळ्या रुग्णांना शून्य देऊन मोकळे होत होतो. हे मला वर्गात कळले होते. तो आकडा स्वतः खोटा लिहिला आहे, हे कळले आजोबांच्या खाटेजवळ. त्या मॅडम पुढे सहा आठवडे दर गुरुवारी येत राहिल्या. कधी दहा मिनिटे, कधी त्याहूनही कमी. माझी सवय बदलली ती त्या गुरुवारांमुळे, असे माझे मत आहे.

दुसरे प्रशिक्षण रात्री डॉक्टरांना फोन कसा करावा याचे होते. त्याविषयी नंतर लिहीन. आपल्यापैकी प्रत्येकाला विचारायचे आहे ते इतकेच, की कोणत्या प्रशिक्षणानंतर आपल्या कामात खरोखर फरक पडला, आणि तो का पडला?

मलप्रभाकाठ

सिस्टर, आपण लिहिलेला २० चा आकडा वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले.

मी खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यातल्या एका उपकेंद्रात ए.एन.एम. (गावपातळीवरची नर्स व सुईण) आहे. माझ्या बाबतीत फरक पडला तो कुशल प्रसूती सहाय्यकाच्या २१ दिवसांच्या प्रशिक्षणाने, आणि त्याचे कारण असे की त्या २१ दिवसांत आम्हाला लेबर रूममध्ये प्रत्यक्ष बाळंतपणे करायला लावली. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन स्नायूत द्यायचे, हे मी पूर्वीही परीक्षेत लिहिले होते. तरीही प्रत्यक्षात आधी बाळ पुसायचे, मग नाळ, मग वार पडण्याची वाट पाहायची आणि रक्त जास्त वाटले तरच इंजेक्शन भरायचे, हीच आमची जुनी पद्धत होती, कारण आमच्या आधीच्या अक्कांनी आम्हाला तसेच करताना दाखवले होते. इंजेक्शन आधी भरून ट्रेमध्ये ठेवायचे एवढा एकच बदल त्या २१ दिवसांत अंगवळणी पडला आणि त्याने सगळा क्रमच बदलला.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे बहुतेक वर्ग इंग्रजी स्लाइड आणि कन्नड निवेदन असे असतात. मला कन्नड बोलता येते, कामापुरते वाचताही येते. पण माझे शिक्षण बारावीपर्यंत मराठीत झालेले आहे आणि समोरची बाळंतीण कधी मराठी, कधी कोंकणी, कधी कन्नड बोलणारी असते. कोणत्याही भाषेविषयी तक्रार नाही. अडचण अशी आहे की तीन भाषांतून फिरून येताना शंका विचारायचे धाडस कमी होते, आणि ज्या वर्गात शंका विचारली जात नाही तिथून घरी फक्त वही येते.

वेदगंगा

धागा चांगला आहे, तरीही थोडा विरोधी सूर लावतो. मी निपाणीकडचा, पुरुष नर्स, आय.सी.यू.त ११ वर्षे. आपल्याकडे प्रत्येक चुकीवर उपाय म्हणून प्रशिक्षण सांगितले जाते, कारण ते सर्वांत स्वस्त पडते. इंजेक्शन चुकले, लावा प्रशिक्षण. बेडसोअर झाले, लावा प्रशिक्षण. त्या रात्री ३५ खाटांच्या वॉर्डात दोनच नर्स होत्या, हे अहवालात कुठेच येत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. तो किती ठिकाणी पाळला जातो, हे प्रत्येकाने आपल्या वॉर्डाकडे बघून ठरवावे. युरोपातील नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात शस्त्रक्रियेच्या रुग्णांविषयी दोन गोष्टी एकत्र दिसल्या: नर्सवर एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली, आणि पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ती ७ टक्क्यांनी कमी झालेली. आपल्याकडे व्यवस्थापनाच्या बैठकांमध्ये त्यातला दुसरा आकडा सांगितला जातो आणि पहिला गिळला जातो.

शहापूरच्या ताईंना विचारायचे आहे, की २८ रुग्णांचा श्वास एकेक मिनिट मोजायचा म्हटले तर २८ मिनिटे लागतात. ती आणायची कुठून?

निवृत्त_ट्यूटर

नर्सिंग शाळेत शिकवून निवृत्त झाले आहे. सध्या मुक्काम टिळकवाडी. वेदगंगा यांचा मुद्दा खोडून काढायचा नाही, कारण तो खरा आहे. तरीसुद्धा आपल्या जिल्ह्यात घडलेल्या काही गोष्टी इथल्या तरुण मंडळींना ठाऊक असाव्यात म्हणून लिहिते.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात, आपल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी द्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी केली. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात होत होती, डॉक्टर हजर नसत, आणि १,६२० बायकांची बाळंतपणे, औषध देणे व रक्तस्राव मोजणे हे सगळे २५ ए.एन.एम.नी केले. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त जाण्याचे प्रमाण गोळी न मिळालेल्या गटात १२ टक्के होते, ते गोळी मिळालेल्या गटात ६.४ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २००६ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. ज्या बाईला लोक 'सुईवाली बाई' म्हणत, तिने केलेल्या मोजणीवर जगाने विश्वास ठेवला, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वर करून ऐकत.

आता यातले शिकण्याचे अंग पाहा. रक्त किती गेले हे नजरेने सांगायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. त्या चाचणीसाठी बाळंतिणीच्या खाली पसरायची, खाली निमुळती पिशवी असलेली आणि मापाच्या रेघा मारलेली प्लास्टिकची चादर तयार करण्यात आली. नजरेचा अंदाज त्या चादरीतल्या मापाशी पडताळला तेव्हा तो सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. माझ्या मते त्या ए.एन.एम.ना सर्वांत मोठा धडा त्या चादरीने दिला असणार, कारण स्वतःचा अंदाज किती चुकतो हे प्रत्येक बाळंतपणात त्यांच्या डोळ्यांसमोर येत होते. पुढे अशीच मापाची चादर आणि रक्तस्राव दिसताच एकत्र करायचे उपचार, अशी जोडी आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांत तपासली गेली आणि २०२३ साली तिचे निष्कर्ष अतिशय चांगले आले. शहापूरच्या सिस्टरांच्या हातात घड्याळ देणाऱ्या त्या मॅडमनी वेगळे काय केले? मापच हातात दिले.

दुसरे उदाहरण नवजात बाळाच्या श्वासाचे. बाळ रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत अॅम्बू बॅगने (मास्क लावलेल्या, हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास द्यायला सुरुवात करायची, हे शिकवणारा 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा अभ्यासक्रम इथल्याच संशोधकांनी कर्नाटकातील ५९९ प्रसूती सहाय्यकांना दिला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ताज्या मृतजन्मांचे (म्हणजे बाळंतपणाच्या सुमारास दगावलेल्या बाळांचे) प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. एवढे घटायचे कारण विचार करण्यासारखे आहे: मृत म्हणून बाजूला ठेवली जाणारी काही बाळे मृत नव्हतीच, त्यांना श्वास हवा होता. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे, की जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंमध्ये मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. बाळ श्वास घेऊ लागल्यानंतरचे दिवस एका प्रशिक्षणाच्या आवाक्याबाहेरचे असतात.

लेबर_रूम_रात्रपाळी

ट्यूटर मॅडम, आपली विद्यार्थिनी असण्याची दाट शक्यता आहे. चादरीची गोष्ट ऐकलेली आहे.

सध्या लेबर रूममध्ये आहे. आमच्याकडे नवजात पुनरुज्जीवनाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, बाहुलीवर सगळ्यांनी सराव केला, सगळ्या उत्तीर्ण झालो. आठ महिन्यांनी खरोखर गरज पडली तेव्हा मास्क चेहऱ्यावर नीट बसेना आणि हवा बाजूने निघून जात होती. बाळ वाचले, ते शेजारच्या सिनिअर सिस्टरांमुळे. दुसऱ्या दिवशी बाहुली मागितली तर ती कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली ज्यांच्याकडे, त्या रजेवर. हरवू नये म्हणून ठेवली होती म्हणे.

निवृत्त_ट्यूटर

बरोबर सांगितलेत. हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाच्या बाबतीत अनेक अभ्यासांतून हेच दिसते, की कौशल्य तीन ते सहा महिन्यांतच उतरणीला लागते, आणि प्रमाणपत्राची मुदत मात्र दोन वर्षे असते. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे तोंडपाठ राहते, हात विसरतात.

उत्तर प्रदेशातील 'बेटरबर्थ' हा प्रयोग या धाग्यासाठी फार महत्त्वाचा आहे. १२० आरोग्य केंद्रांपैकी निम्म्या ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासणी यादी दिली गेली आणि आठ महिने प्रशिक्षक नर्स तिथे जाऊन, शेजारी उभ्या राहून काम पाहत होत्या. दोन महिन्यांनी पाहिले तेव्हा आवश्यक कृतींपैकी ७२.८ टक्के होत होत्या; इतर केंद्रांत ४१.७ टक्के. प्रशिक्षक येणे थांबले आणि सुरुवातीपासून बारा महिन्यांनी पाहिले तेव्हा पहिला आकडा ६१.७ वर उतरलेला होता. आणि ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, ते माता व बाळांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत, ते दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले.

तेव्हा वेदगंगा यांना माझे सांगणे असे, की शेजारी उभे राहून शिकवले तर हात बदलतात एवढे सिद्ध झाले आहे. त्यापुढे औषध, रक्त, शस्त्रक्रियेची सोय आणि पुरेशी माणसे लागतात. आपले म्हणणे या अभ्यासातून खोटे ठरत नाही.

ताम्रपर्णी

मी चंदगडची; शिक्षण बेळगावात, नोकरी सध्या गडहिंग्लजकडे. एक व्यावहारिक बाजू मांडते. माझी पहिली नोंदणी बेंगळुरूच्या परिषदेत आणि आता दुसरी मुंबईच्या परिषदेत, कारण राज्य बदलले की नोंदणीही हलवावी लागते. घर आणि बेळगाव यांत तासाभराचे अंतर असले तरी एखादी चांगली कार्यशाळा बेळगावात आहे म्हणून जायचे ठरवले की पहिला प्रश्न तिथे काय शिकवणार हा नसतो. तिचे तास इकडच्या परिषदेत धरले जातील का, हा असतो. गेल्या वर्षी जखमेच्या ड्रेसिंगवरची एक उत्तम कार्यशाळा मी याच कारणाने सोडली आणि त्याऐवजी तास पक्के असलेल्या व्याख्यानाला जाऊन बसले. त्यात मला झोप लागली, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला आहे. देशभरासाठी एकच नोंदवही ठेवण्याची तरतूद त्यात आहे. आमच्यासारख्या सीमेवरच्या नर्सना तिचा उपयोग सर्वांत जास्त होईल, म्हणून मी त्या कायद्याच्या बातम्या अधाशासारख्या वाचते.

शहापूरची_सिस्टर

सर्वांचे आभार. वेदगंगा दादांच्या २८ मिनिटांचे उत्तर द्यायचे राहिले. खरे उत्तर असे आहे की ती मिळाली नाहीत. आम्ही एवढेच केले, की २८ पैकी कोणाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचाच हे ओव्हर देताना (पाळी बदलताना पुढच्या नर्सकडे रुग्ण सोपवताना) ठरवायचे: नवीन दाखल, ऑक्सिजनवर असलेले, ताप न उतरलेले आणि ज्यांच्याविषयी नातेवाईक 'काल असे नव्हते' म्हणतात ते. साधारण सात-आठ होतात. बाकीच्यांचा अर्धा मिनिट मोजून दुप्पट. पुस्तकातल्यासारखे नाही, हे मान्य आहे. माणसे वाढवून मिळावीत म्हणून आम्ही लेखी मागणीही केली आहे आणि तिच्यासोबत या चार्टांच्या प्रती जोडल्या आहेत; पूर्वी सगळीकडे २० लिहिलेले असताना आमच्याजवळ जोडायला पुरावाच नव्हता.

आता फोनविषयी. पूर्वी रात्री दोन वाजता मी फोन करायची तो असा: 'सर, १४ नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाही.' पलीकडून उत्तर यायचे, 'बरं, लक्ष ठेवा.' प्रशिक्षणात सध्याची स्थिती, पूर्वपीठिका, आपला अंदाज आणि आपली मागणी असा क्रम घालून दिला आणि एकमेकींना खोटे फोन करायला लावले. पहिल्या तीन गोष्टी दोन दिवसांत जमल्या. चौथीला महिने लागले, कारण डॉक्टरांना 'आपण आता यावे' असे स्पष्ट म्हणणे आम्हाला कधी कोणी शिकवले नव्हते. उलट तसे न म्हणणे म्हणजेच शिस्त असे शिकवले होते. आता मी म्हणते: 'सर, १४ नंबर, न्यूमोनिया, श्वास ३४, नाडी १२८, बी.पी. ८६ वर ५०, चार तासांत लघवी नाही. मला सेप्सिस वाटतो. आपण येऊन बघावे.' पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा दोन क्षण पलीकडे शांतता होती. मग ते आले.

डॉक्टर_पण_वाचक

त्या शांततेचा एक भागीदार म्हणून लिहितो. मी आपल्या रुग्णालयातला नाही. पहिल्यांदा एका सिस्टरांनी 'आपण यावे' म्हटले तेव्हा मला मनातून राग आला होता, हे खरे आहे. नर्सच्या प्रशिक्षणाला डॉक्टरांनाही बसवावे, निदान त्या एका तासाला. एका बाजूनेच नवी भाषा शिकली तर दुसऱ्या बाजूला ती उद्धटपणा वाटते.

वेदगंगा

पुराव्याचा मुद्दा पटला. आमच्या आय.सी.यू.त मॉनिटर आहेत, तरीही श्वासाची संख्या आम्ही त्यावरचीच उतरवतो आणि रुग्ण हलला की तो आकडा काहीही दाखवतो. उद्या तीन रुग्णांचे हाताने मोजून ताडून पाहतो. माणसांच्या बाबतीत माझे मत कायम आहे.

मलप्रभाकाठ

धागा वाचून आज सकाळी एक काम केले. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, हे मी स्वतः आशा कार्यकर्तींना सांगत असते. उपकेंद्राच्या फ्रिजमधला थर्मामीटर पाहिला, तर ११ अंश. आमच्याकडे वीज जाते, आणि परत आली की फ्रिज लगेच सुरू होत नाही, दार आपटावे लागते. शिवाय आधी भरून ठेवायचे म्हणून ट्रेमध्ये काढलेल्या दोन अँप्युल परवापासून खिडकीशीच होत्या. म्हणजे जी सवय मी वर अभिमानाने सांगितली, तिच्यातूनच ही चूक आली.

त्या दोन्ही बाजूला काढल्या आहेत, नवीन साठ्यासाठी खानापूरला निरोप दिला आहे, आणि कळा वाढल्यावरच एक अँप्युल बाहेर काढायची असे ठरवले आहे. ट्यूटर मॅडम, ११ अंशांत किती दिवस होत्या हे सांगता येत नसेल तर फ्रिजमधल्या बाकीच्याही परत कराव्यात का?

निवृत्त_ट्यूटर

कराव्यात. नवीन येईपर्यंत मिसोप्रोस्टॉल जवळ आहे ना ते आधी पाहा; त्याला फ्रिज लागत नाही. आणि तापमानाचा तक्ता दाराला बाहेरून चिकटवा, सकाळ-संध्याकाळ दोन आकडे. सलग दोन दिवस तोच आकडा आला तर मला फोन करा.